गेमिंग टूर्नामेंट घ्यायचीय? आधी वेळेचा हिशोब, मग हॉल, मग रजिस्ट्रेशन

बहुतेक टूर्नामेंटची सुरुवात पोस्टरपासून होते. गेम ठरला, बक्षीस ठरलं, पोस्टर टाकलं, धडाधड नावं यायला लागली आणि मग हॉल शोधायची पळापळ. मग जो मिळेल तो हॉल आणि जेवढे मिळतील तेवढे तास, आणि शेवटी सेमीफायनल चालू असताना हॉलचा माणूस दारात किल्ली घेऊन उभा. लोक याला नशीब म्हणतात, मला ते पटत नाही, कारण हे सगळं आधी कागदावर दिसू शकतं. जागा आणि वेळ हे दोन वेगवेगळे प्रॉब्लेम नाहीयेत, तो एकच प्रॉब्लेम आहे. तुम्ही हॉल घेता म्हणजे तास विकत घेता, आणि ते तास किती लागणार हे फॉरमॅट (स्पर्धेची पद्धत), स्टेशन (खेळायला मांडलेली एकेक स्क्रीन आणि मशीन) आणि प्लेअरची संख्या या तिघांवर ठरतं. म्हणून क्रम उलटा ठेवा, आधी वेळ काढा, त्यावरून जागा शोधा, आणि रजिस्ट्रेशन सगळ्यात शेवटी उघडा.

पायरी १: एका मॅचला खरंच किती वेळ जातो ते मोजा

गेमच्या टायमरवर जाऊ नका. फायटिंग गेममध्ये राउंडचा टायमर ९९ दाखवतो म्हणून तेवढंच धरलं तर गणित कोसळतं, कारण प्लेअर आपल्या जागेवर येतो, कंट्रोलर लावतो, बटणं सेट करतो, कॅरेक्टर निवडतो, मॅच खेळतो, मग रिझल्ट सांगायला टेबलपर्यंत येतो, तोवर स्टेशन रिकामं आणि पुढचे दोघं बाहेर गप्पा मारत उभे. हा मधला वेळ प्रत्येक मॅचला सहज ३ मिनिटं खातो आणि शिस्त नसेल तर ७-८ सुद्धा.

चार मित्रांना बसवा, तुमच्या स्पर्धेच्या नियमांनी चार-पाच मॅच खेळवा आणि एकाला खुर्चीवरून उठवून दुसऱ्याला बसवण्यापासून रिझल्ट लिहीपर्यंत स्टॉपवॉच लावा. जो आकडा येईल तो तुमचा.

गेमप्रमाणे स्वभाव वेगळा असतो. सुपर स्मॅश ब्रदर्स मेलीसारख्या गेममध्ये स्पर्धेत साधारण ८ मिनिटांचा टायमर ठेवतात, म्हणजे बेस्ट ऑफ थ्री (तीनपैकी दोन गेम जिंकेल त्याची मॅच) जास्तीत जास्त २४ मिनिटं खेळ, इथे निदान वरची मर्यादा माहीत असते. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये आधी १३ राउंड जिंकेल तो मॅप जिंकतो, म्हणजे ओव्हरटाइम सोडून जास्तीत जास्त २४ राउंड, तरी मधले पॉज आणि लॉबीचा (मॅचआधी सगळे जमतात ती गेममधली खोली) गोंधळ धरून एका मॅपला तासभर बाजूला ठेवा. डोटा २ ला मात्र वेळेची मर्यादाच नाही, एक मॅच अर्ध्या तासात संपते आणि शेजारची सव्वा तास चालते, त्यामुळे असा गेम घेणार असाल तर टीम कमी ठेवा, दुसरा इलाज नाही. बॅटल रॉयालचं (शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो असा गेम) उलटं, सगळे एकाच लॉबीत असल्याने मॅच साधारण ठरलेल्या वेळेत संपते, पण एक टीम रूममध्ये आली नाही की बाकीचे सगळे थांबतात.

पायरी २: फॉरमॅट निवडा आणि मॅचची संख्या लिहून काढा

हिशोब सोपा आहे. सिंगल एलिमिनेशनला (एकदा हरला की बाहेर) प्लेअरपेक्षा एक मॅच कमी, ३२ जणांना ३१. डबल एलिमिनेशनला (पहिल्यांदा हरला की विनर्समधून लूजर्सच्या बाजूला, दुसऱ्यांदा हरला की बाहेर) साधारण दुप्पट, ३२ जणांना ६२ आणि ग्रँड फायनल रिसेट झाली (लूजर्सकडून आलेला जिंकला म्हणून पुन्हा खेळावी लागली) तर ६३. राउंड रॉबिनला (प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो) संख्या भसाभस वाढते, ८ जणांच्या गटालाच २८ मॅच लागतात. स्विस पद्धतीत (कुणी बाहेर पडत नाही, दर राउंडला सारखे जिंकलेले समोरासमोर) ३२ जणांना ५ राउंड, प्रत्येक राउंडला १६ मॅच म्हणजे ८०, वर प्रत्येक राउंडला सगळ्यात हळू मॅच संपेपर्यंत सगळे बसून राहतात.

आता एकच उदाहरण नीट बघू, कारण इथे काय होतं ते बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ३२ प्लेअर, डबल एलिमिनेशन, ८ स्टेशन, बेस्ट ऑफ थ्रीला १२ मिनिटं आणि बदलाबदलीला ३, म्हणजे एका मॅचला १५. टॉप ८ ठरेपर्यंत ५२ मॅच होतात. ८ स्टेशनवर त्या ८ फेऱ्यांत आरामात बसतात (पुढच्या मॅच आधीच्या रिझल्टवर अडतात, त्यामुळे काही फेऱ्यांत थोडी स्टेशनं रिकामी राहतात), म्हणजे २ तास. उरल्या फक्त १० मॅच. लोकांना वाटतं आता काय, संपलंच. पण टॉप ८ बेस्ट ऑफ फाइव्ह केलं आणि सगळ्या मॅच एकाच स्ट्रीम स्टेशनवर (जिथला खेळ नेटवर लाइव्ह दाखवतात) घ्यायचं ठरवलं, तर मॅचला २५ मिनिटं धरून या १० मॅचना ४ तास १० मिनिटं लागतात! आधीच्या ५२ मॅचपेक्षा शेवटच्या १० ला दुपटीहून जास्त वेळ.

आणि यावर जास्त स्टेशन आणणं हा उपाय नाही, कारण बाकीची सात स्टेशनं तोवर रिकामीच असतात. उपाय असा की टॉप ८ च्या पहिल्या मॅच एकदम लावा. विनर्सच्या दोन आणि लूजर्सच्या दोन अशा चार मॅच एकाच वेळी, मग लूजर्सच्या पुढच्या दोन आणि विनर्स फायनल एकाच वेळी, आणि फक्त शेवटच्या तीन मॅच स्ट्रीमवर एकामागून एक. पाच टप्पे, प्रत्येकी २५ मिनिटं, म्हणजे २ तास ५ मिनिटं. निम्मा वेळ वाचला आणि प्रेक्षकांना खरी रंगत ज्या मॅचमध्ये असते त्या तरीही स्क्रीनवर दिसल्या. सगळ्याच मॅच स्ट्रीमवर हव्यात असा हट्ट छोट्या टूर्नामेंटने धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे, बघणाऱ्यांपेक्षा खेळायला आलेल्यांचा दिवस महत्त्वाचा.

तुमचे आकडे वेगळे असतील, पण हे दोन भाग वेगवेगळे काढा. एक, जिथे स्टेशन कमी पडतात तो भाग. दोन, जिथे एक मॅच संपल्याशिवाय दुसरी सुरूच होऊ शकत नाही तो भाग. पहिला भाग स्टेशन वाढवून कमी होतो, दुसरा कशानेही होत नाही, फक्त बेस्ट ऑफ फाइव्हचं थ्री करून होतो.

पायरी ३: दिवस उलटा मांडा

हॉल रिकामा करायची वेळ कागदाच्या तळाशी लिहा आणि तिथून वर चढत जा. वरच्याच उदाहरणात खेळ ४ तास ५ मिनिटं. सामान आवरायला सव्वा तास, बक्षीस आणि फोटोला २० मिनिटं, बफर म्हणून खेळाच्या साधारण वीस टक्के म्हणजे ५० मिनिटं, चेक-इन (आलेल्यांची हजेरी) आणि ब्रॅकेट (कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता) पक्कं करायला तासभर, सेटअपला २ तास. बेरीज साडेनऊ तास. म्हणजे पोस्टरवर ज्याला आपण ‘चार तासांची टूर्नामेंट’ म्हणू तिला हॉल साडेनऊ तास लागतो, आणि सहा तासांचा स्लॉट मिळत असेल तर तुम्हाला ३२ जण घेता येणार नाहीत, १६ घ्या किंवा सिंगल एलिमिनेशन करा, आणि वर सेटअप आदल्या रात्री करू देणारी जागा शोधा. हा निर्णय आत्ता घ्यायचा, त्या दिवशी नाही.

बफर शेवटी एकगठ्ठा ठेवू नका. अर्धा टॉप ८ च्या आधी ठेवा, सगळं वेळेत चाललं तर तीच जेवणाची किंवा पाय मोकळे करायची सुट्टी, आणि उशीर झाला असेल तर तिथेच भरून निघतो.

पायरी ४: जागा कुठे शोधायची

मोठ्या हॉलच्या मागे लागू नका, सुरुवातीला तर अजिबातच नाही. आज जगभर नाव असलेल्या स्पर्धा छोट्या जागेतच उभ्या राहिल्यात. इव्हो ही फायटिंग गेमची सगळ्यात मानाची स्पर्धा १९९६ ला ‘बॅटल बाय द बे’ नावाने कॅलिफोर्नियातल्या सनीवेलच्या एका आर्केडमध्ये ४० प्लेअरवर सुरू झाली. स्वीडनचं ड्रीमहॅक १९९४ ला मालुंगमधल्या शाळेच्या कँटीनमध्ये भरलं होतं आणि गर्दी मावेना तेव्हा १९९७ ला ते बोर्लेंगच्या मोठ्या हॉलमध्ये गेलं. आधी माणसं वाढली, मग जागा.

पर्याय बरेच असतात. गेमिंग कॅफेत मशीन, नेट, खुर्च्या सगळं तयार असतं, पण संख्या ठरलेली आणि रोजचं गिऱ्हाईक सोडून पूर्ण जागा देतील का हा प्रश्न. कॉलेज किंवा शाळेचा हॉल स्वस्त पडतो, पण परवानगी तीन-चार टेबलांवरून फिरते, त्यामुळे दोन-अडीच महिने आधी अर्ज टाका आणि परीक्षांचं वेळापत्रक बघूनच तारीख मागा. वाचनालय, सोसायटी किंवा संस्थेचा हॉल, सुट्टीच्या दिवशी रिकामं असणारं कोवर्किंग ऑफिस, हेही चालतं. कोवर्किंगबद्दल आवर्जून सांगतो, तिथे टेबलं, प्लग आणि नेट आधीच असतं, आणि शनिवार-रविवारी जागा पडून असते, तरी हा पर्याय फार कमी लोक विचारतात. हॉटेलचे बँक्वेट हॉल दिसायला छान पण बहुतेक ठिकाणी प्लग पॉइंट फक्त भिंतीला असतात आणि मधल्या टेबलांपर्यंत वायर ओढत न्यावी लागते.

फोनवर ‘गेमिंग’ म्हटलं की समोरच्याला जुगार, आरडाओरडा किंवा मुलं वाया जाणं यातलं काहीतरी आठवतं. म्हणून फोनवर पहिल्याच वाक्यात हॉलचं भाडं विचारू नका, आधी एक पानाचं पत्र पाठवा. त्यात किती लोक, वयोगट काय, किती वाजता सुरू आणि किती वाजता जागा रिकामी, आवाजाची काय व्यवस्था, जबाबदार माणसाचं नाव आणि नंबर, आणि साफ करून देऊ हे स्पष्ट. आधीच्या एखाद्या छोट्या भेटीचे दोन-तीन फोटो जोडा, ज्यात लोक शांत बसून खेळतायत. एवढ्यानेच निम्मे नकार टळतात. त्यांच्या अडचणीचा दिवस मागू नका, ज्या दिवशी हॉल रिकामा जातो तो मागा, भाडंही कमी होतं आणि तास वाढवून मिळायची शक्यता पण वाढते.

पायरी ५: प्रत्यक्ष जाऊन बघा, आणि मल्टीमीटरवाला मित्र सोबत न्या

ज्या वारी आणि ज्या वेळेला टूर्नामेंट आहे त्याच वारी त्याच वेळेला जा. सकाळी शांत वाटणाऱ्या हॉलच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी डान्स क्लास असतो.

विजेकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. हॉल बंद पाडणारी ही एक गोष्ट. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, आणि तासन्‌तास चालणारा लोड सर्किटच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच ठेवायचा. २३० व्होल्टवर १६ अँपिअरचं सर्किट म्हणजे ३६८० वॅट, त्यातले वापरायचे साधारण २९००. एक गेमिंग पीसी मॉनिटरसकट ५०० वॅट धरा तर एका सर्किटवर पाच, सहावा नको. प्लेस्टेशन ५ गेम चालू असताना २०० वॅटच्या आसपास ओढतं, त्याला स्क्रीन मिळवा. आता गंमत अशी की हॉलमध्ये दिसायला बारा प्लग असतात पण ते सगळे एकाच एमसीबीवर (लोड जास्त झाला की सर्किट तोडणारा स्विच) असू शकतात, त्यामुळे प्लग मोजू नका, डीबी (हे स्विच असतात ती पेटी) उघडून कुठला पॉइंट कुठल्या एमसीबीवर आहे ते हॉलच्या इलेक्ट्रिशियनकडून समजून घ्या आणि नकाशावर लिहून ठेवा. एक्स्टेंशन बोर्डला दुसरा एक्स्टेंशन बोर्ड जोडायचा नाही, कितीही मोह झाला तरी. एसी आणि स्टॉलची उपकरणं स्टेशनच्या लाइनवर नकोत. आणि ओढलेले सगळे वॅट शेवटी उष्णता म्हणून त्याच खोलीत राहतात, दहा पीसी म्हणजे ५००० वॅट, त्यात पन्नास माणसं, त्यामुळे हवा खेळती आहे का ते बघाच.

नेटचं थोडक्यात. खेळायला डेटा कमी लागतो, घात करतात ते अपडेट. आदल्या रात्री सगळ्या मशीनवर गेम अपडेट करून ठेवा, नाहीतर सकाळी वीस मशीन एकदम कित्येक जीबी खेचायला लागतात आणि चेक-इनच बंद पडतं. पीसी आणि कन्सोल केबलवर, वायफायवर नाही. स्ट्रीमला १०८०पीसाठी ६ एमबीपीएसच्या आसपास अपलोड लागतं, ते खेळाच्या लाइनपासून वेगळं मिळालं तर उत्तम. मोबाइल गेम असेल तर एका राउटरवर साठ फोन टाकू नका.

बाकी दरवाजे, जिना, सामान आत न्यायची सोय, पार्किंग, टॉयलेट, व्हीलचेअरने आत येता येतं का, हॉलची परवानगी किती माणसांची आहे. ही शेवटची संख्या प्रेक्षक धरून असते, फक्त प्लेअरची नाही.

पायरी ६: सगळं लेखी घ्या

तोंडी ‘हो हो, होऊन जाईल’ वर एकही बुकिंग करू नका. पत्रात किंवा निदान मेलमध्ये या गोष्टी असल्याच पाहिजेत: आत कधी येता येईल आणि बाहेर कधी पडायचं (सेटअप आणि आवराआवर धरून), किल्ली कुणाकडे आणि तो माणूस किती वाजता येणार, उशीर झाला तर तासाला किती जादा, वीज भाड्यात आहे की वेगळी, टेबल-खुर्च्या किती, डिपॉझिट कधी परत, आणि त्यांनी रद्द केलं तर काय. शेवटच्या मुद्द्यावर लोक लाजतात. लाजू नका. लग्नाचं बुकिंग आलं म्हणून आठवडा आधी टूर्नामेंट उडवल्याचे प्रकार होतात, आणि लेखी नसेल तर हातात काहीच राहत नाही.

मनात एक दुसरी जागा तयार ठेवा, थोडी लहान असली तरी चालेल.

गेम कंपनीचे नियमही याच वेळी वाचा. बहुतेक मोठ्या कंपन्यांनी छोट्या टूर्नामेंटसाठी मार्गदर्शक नियम काढलेत, एंट्री फी, बक्षीस, स्पॉन्सर यावर मर्यादा असतात. निन्टेंडोने २०२३ मध्ये काढलेल्या नियमांत तर प्रत्यक्ष भरणाऱ्या सामुदायिक स्पर्धेला २०० प्लेअरची मर्यादा आहे. एंट्री फी घेऊन बक्षीस देण्याचे कायदे जागोजागी वेगळे असतात, ते जाणकाराला विचारून घ्या.

पायरी ७: आता रजिस्ट्रेशन, आणि आकडा ठरवून

संख्या आधीच ठरलीय, ती भरली की बंद. ‘अजून दोघं घे ना यार’ ला नाही म्हणायचं, कारण ३२ चे ३४ झाले की ब्रॅकेट ६४ चं होतं आणि एक अख्खी फेरी वाढते, भले त्यात बहुतेकांना बाय (न खेळताच पुढची फेरी) असेल. त्याऐवजी वेटिंग लिस्ट ठेवा, येत नाहीत असे चार-पाच जण असतातच. थोडी का होईना फी आधी घ्या, फुकट रजिस्ट्रेशनला न येणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच जास्त असतं. दोन गेम एकाच दिवशी असतील तर दोन्हींत खेळणारे कोण ते आधी काढा, नाहीतर एकाच माणसासाठी दोन्ही ब्रॅकेट थांबतात.

पायरी ८: त्या दिवशी घड्याळ कोण बघणार?

एक माणूस फक्त ब्रॅकेटवर. तो खेळणार नाही, कॉमेंट्री करणार नाही, पाहुण्यांचं स्वागत करणार नाही. दुसरा माणूस स्टेशनवर फिरणारा, जो रिकामं स्टेशन दिसलं की ओरडेल. या दोघांचा ताळमेळ म्हणजेच तुमची टूर्नामेंट वेळेत, बाकी सगळं दुय्यम.

स्टेशनला मोठे नंबर लावा, लांबून दिसतील असे. हाक मारताना नाव आणि स्टेशन दोन्ही सांगा, आणि त्याच वेळी पुढच्या दोघांनाही सांगून ठेवा की आता तुमचा नंबर आहे, स्टेशन पाचच्या मागे येऊन उभे राहा. एवढ्या एका सवयीने ३ मिनिटांची बदलाबदली एका मिनिटावर येते, आणि ५२ मॅचला ८ स्टेशनवर हिशोब केला तर जवळपास पंधरा मिनिटं वाचतात.

चेक-इन ठरलेल्या मिनिटाला बंद. पोचतोय, पाच मिनिटं, हे ऐकायचं नाही, वेटिंग लिस्टवाला वेळेवर आलेला असतो, त्याच्यावर अन्याय होतो. मॅचला नाव पुकारल्यावर ५ मिनिटांत नाही आला तर एक गेम गेला, १० मिनिटांत नाही आला तर मॅच गेली, हा नियम रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवरच छापा आणि पहिल्या फेरीत ओळखीच्याच माणसाला लावायची वेळ आली तरी लावा. रिझल्ट जिंकणाऱ्याने सांगायचा, हरणाऱ्याने नाही, आणि सांगितल्याशिवाय स्टेशन सोडायचं नाही. ब्लूटूथ कंट्रोलर असतील तर मॅच संपल्यावर आपला कंट्रोलर अनपेअर करून जायचा, नाहीतर बाहेर खिशातलं बटण दाबलं जातं आणि आतली मॅच पॉज होते. टूर्नामेंट सुरू झाल्यावर स्टेशनवर फ्रेंडली मॅच बंद, त्यासाठी जमलं तर एक वेगळं स्टेशन कोपऱ्यात द्या, नवीन आलेली मुलं हरल्यावर तिथेच रमतात आणि पुढच्या वेळी परत येतात.

पायरी ९: उशीर झालाच तर काय कापायचं

हे आधी लिहून ठेवा आणि नियमांत जाहीर करा. माझा क्रम असा: आधी तिसऱ्या नंबरची मॅच जाते (सिंगल एलिमिनेशनमध्ये ठेवली असेल तर), मग स्ट्रीमवरच्या मधल्या मुलाखती आणि तयारी, मग ग्रँड फायनल सोडून टॉप ८ बेस्ट ऑफ थ्री. चालू फेरीच्या मधे नियम बदलायचा नाही, अर्ध्यांनी पाचची आणि अर्ध्यांनी तीनची खेळली तर भांडण ठरलेलं. बदल फेरी सुरू व्हायच्या आधी, माइकवर, सगळ्यांना एकदम.

दर तासाला कागदावरची वेळ आणि खरी वेळ शेजारी लिहा. २० मिनिटांच्या आत फरक असेल तर बफर पुरतो. त्याच्या वर गेला की पहिली कात्री लगेच लावा, तासाभराने नाही, कारण शेवटच्या पाच टप्प्यांत भरून काढायला जागाच नसते.

आवराआवर फायनलच्या आधीच सुरू करायची, टॉप ८ लागलं की चार स्टेशन मोकळी होतात, ती तेव्हाच गुंडाळा, फक्त प्रेक्षकांच्या समोरून वायरी ओढत नेऊ नका. शेवटी हॉलच्या माणसाला सोबत घेऊन एक फेरी मारा, खुर्च्या मोजा, भिंती आणि पॉइंटचे फोटो काढा, डिपॉझिटचं तिथल्या तिथे बोलून घ्या आणि त्याच दमात पुढच्या तारखेचं विचारून टाका.